किंमत कोणती, करापूर्वीची की करासह?
सॉफ्टवेअरमधील करविषयक रकमांना नावे देताना घ्यावयाची काळजी

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा दोन व्यवसायांसाठी ओळखले जाते. पहिला यंत्रमागाचा आणि दुसरा सोन्या-चांदीच्या गलाईचा. या दुष्काळी पट्ट्यातून, तसेच शेजारच्या आटपाडी, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातील माण-खटाव परिसरातून बाहेर पडलेल्या अनेक कुटुंबांनी देशभरच्या सराफ बाजारांत गलाईची दुकाने थाटली. जुने दागिने वितळवायचे आणि त्यांतील शुद्ध धातू वेगळा काढून द्यायचा, हे त्यांचे काम. या व्यवसायात 'शंभर ग्रॅम सोने' एवढ्यावर कोणताही व्यवहार होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : टंच किती? २२ कॅरटचे दहा ग्रॅम सोने म्हणजे सुमारे ९.१६ ग्रॅम शुद्ध सोने. वजन तेच, पण टंच कळल्याशिवाय त्या वजनाला मोल नाही.

दुकानातल्या संगणकावर जी 'किंमत' दिसते, तिलाही असाच एक टंच असतो. त्या आकड्यात कर मिसळलेला आहे की नाही, आणि असल्यास किती, हे कळल्याखेरीज तो आकडा वापरता येत नाही. तरीही बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना केवळ 'प्राइस', 'रेट' किंवा 'अमाउंट' या नावाने ठेवलेला सर्रास आढळतो. सॉफ्टवेअर लिहिणारा त्याचा एक अर्थ घेतो, दुकानात माल चढवणारा दुसरा आणि वर्षअखेरीस हिशेब तपासणारा तिसरा. चूक गणितात नसते, ती नावात असते. म्हणूनच ती लवकर सापडत नाही.

एकाच वस्तूच्या अनेक किमती

कायद्याच्या दृष्टीने एका वस्तूच्या विक्रीत किमान चार वेगवेगळ्या रकमा असतात. पहिली म्हणजे वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ विक्री किंमत, म्हणजेच एमआरपी. वेष्टनबंद वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार ही किंमत सर्व करांसह छापावी लागते. दुसरी रक्कम दुकानदार प्रत्यक्षात मागतो ती. ती एमआरपीपेक्षा कमी असू शकते. तिसरी रक्कम म्हणजे करपात्र मूल्य. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १५ नुसार बिलात नोंदवलेली सवलत वजा केल्यानंतरचे व्यवहारमूल्य हे कर आकारणीचा पाया ठरते आणि त्यात वस्तू व सेवा कर धरलेला नसतो. चौथी रक्कम ग्राहक शेवटी हातात ठेवतो ती.

याच कायद्याखालील नियम ४६ मध्ये कर बीजकावर काय असावे याची यादी आहे. एकूण मूल्य, सवलत विचारात घेतल्यानंतरचे करपात्र मूल्य, कराचा दर आणि कराची रक्कम या त्यात स्वतंत्र बाबी आहेत. कलम ३३ तर कराची रक्कम बीजकावर ठळकपणे दाखवण्यास सांगते. कायद्याने ज्या गोष्टी वेगळ्या नावांनी ओळखल्या, त्या सॉफ्टवेअरने एका 'किंमत' या शब्दात कोंबल्या तर गोंधळ अटळ आहे.

गोंधळाची किंमत किती?

एक साधे उदाहरण घेऊ. एका वस्तूवर ५ टक्के कर आहे आणि तिची करासह किंमत १०५० रुपये आहे. नियम ३५ मध्ये अशा किमतीतून कर वेगळा काढण्याचे सूत्र दिले आहे : करासह मूल्याला कराच्या दराने गुणावे आणि १०० अधिक दर या बेरजेने भागावे. १०५० ला ५ ने गुणून १०५ ने भागले की ५० रुपये कर येतो आणि करपात्र मूल्य १००० रुपये उरते.

आता हीच १०५० ची रक्कम 'प्राइस' नावाच्या रकान्यात गेली आणि सॉफ्टवेअरने ती करापूर्वीची मानली, तर बिल ११०२ रुपये ५० पैशांचे होईल. ग्राहकाकडून ५२ रुपये ५० पैसे जादा घेतले जातील आणि वस्तू वेष्टनबंद असेल, तर एमआरपीचेही उल्लंघन होईल. याउलट करापूर्वीचे १००० रुपये करासह आहेत असे सॉफ्टवेअरने धरले, तर करपात्र मूल्य ९५२ रुपये ३८ पैसे आणि कर ४७ रुपये ६२ पैसे निघेल. या वेळी नुकसान दुकानदाराचे. कर त्याच्या नफ्यातून गेलेला असेल. दोन्ही बिलांतील बेरीज मात्र चोख असते, त्यामुळे ती पाहून कोणालाही शंका येत नाही.

तिसरी चूक अधिक फसवी आहे. करासह किमतीतून कर काढताना अनेक जण थेट तेवढे टक्के वजा करतात. ११८ रुपयांतून १८ टक्के वजा केले तर ९६ रुपये ७६ पैसे उरतात. खरे करपात्र मूल्य मात्र १०० रुपये आहे. गलाईच्या धंद्यात असा घोटाळा सहसा होत नाही. दहा ग्रॅम दागिन्यातून शुद्ध सोने किती निघेल आणि दहा ग्रॅम शुद्ध सोन्यापासून किती वजनाचा दागिना होईल, हे दोन वेगळे हिशेब आहेत हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नाव स्पष्ट नसल्याने कोणता हिशेब करायचा हेच कळत नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही हा विषय न्यायनिवाड्यापर्यंत गेलेला आहे. एमआरपीवर सवलत जाहीर करायची आणि सवलतीनंतरच्या रकमेवर पुन्हा मूल्यवर्धित कर लावायचा, ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये म्हटले होते. जी रक्कम मुळात करासह आहे, तिच्यातून सवलत वजा केल्यावर उरणारी रक्कमही करासहच असते, हा त्यामागील सरळ तर्क.

कपड्याच्या दुकानातील २५०० ची रेघ

विट्याच्या मागावर विणलेले कापड पुढे शिवले जाऊन दुकानात पोहोचते, तेव्हा नावांचा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांच्या प्रत्येक नगाचे विक्रीमूल्य २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर १८ टक्के कर आहे. त्यापूर्वी ही रेघ १००० रुपयांवर होती आणि दर ५ व १२ टक्के होते. हे विक्रीमूल्य कर वगळून मोजायचे असते.

आता एका सदऱ्यावर २६०० रुपये अशी करासह किंमत छापलेली आहे. सॉफ्टवेअरने 'प्राइस' हा रकाना २५०० शी ताडून पाहिला तर २६०० मोठे ठरतील आणि १८ टक्के दर लागेल. त्या हिशेबाने करपात्र मूल्य २२०३ रुपये ३९ पैसे येते. पण हे मूल्य २५०० पेक्षा कमी आहे, म्हणजे दर ५ टक्केच हवा होता! बरोबर हिशेब असा : २६०० ला १.०५ ने भागून करपात्र मूल्य २४७६ रुपये १९ पैसे आणि कर १२३ रुपये ८१ पैसे. चुकीच्या हिशेबात कर ३९६ रुपये ६१ पैसे दाखवला गेला. फरक एका नगामागे २७२ रुपये ८० पैशांचा. कर म्हणून ग्राहकाकडून घेतलेली रक्कम कलम ७६ नुसार सरकारजमा करावी लागते, त्यामुळे 'चुकून जादा दाखवला' असे म्हणून दुकानदाराला ती स्वतःकडे ठेवता येत नाही.

याच रेघेमुळे आणखी एक विचित्र परिस्थिती उद्भवते. करापूर्वीची किंमत नेमकी २५०० असेल तर करासह किंमत २६२५ होते. करापूर्वीची किंमत २५०० च्या किंचित वर गेली की करासह किंमत एकदम २९५० च्या पुढे उडी मारते. म्हणजे २६२५ आणि २९५० यांच्या मधली कोणतीही करासह किंमत कुठल्याच करापूर्वीच्या किमतीपासून निघू शकत नाही. कोणी २७०० रुपये करासह असे लेबल लावले तर ५ टक्क्यांनी करपात्र मूल्य २५७१ येते, म्हणून १८ टक्के हवेत. आणि १८ टक्क्यांनी ते २२८८ येते, म्हणून ५ टक्के हवेत. सॉफ्टवेअरने अशा वेळी गुपचूप एक दर निवडू नये, वापरणाऱ्याला थांबवून विचारावे. पण रकान्याचे नाव नुसते 'प्राइस' असेल तर थांबायचे कोठे हे सॉफ्टवेअरला समजणार कसे?

मजुरी, माल आणि 'दर'

विट्याचे दोन्ही व्यवसाय मोठ्या प्रमाणावर मजुरीवर चालतात. यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन कापड विणून देतो. गलाई करणारा सराफाचे सोने घेऊन शुद्ध करून देतो. माल दुसऱ्याचा, श्रम आपले. सोन्यावर २०१७ पासून ३ टक्के वस्तू व सेवा कर आहे. नोंदणीकृत सराफाच्या सोन्यावर मजुरीने केलेल्या कामावर मात्र ५ टक्के कर असून तो केवळ मजुरीवर लागतो. कापड विणण्याच्या मजुरीवरही ५ टक्केच कर आहे.

मजुरीसाठी माल पाठवताना सोबतच्या चलनावर मालाचे मूल्य लिहिलेले असते. समजा, गलाईसाठी आलेल्या सोन्याचे चलनावरील मूल्य ८ लाख रुपये आहे आणि मजुरी १००० रुपये. मजुरीवरचा कर ५० रुपये. पण सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रकमांसाठी 'मूल्य' असाच रकाना असेल आणि चलनावरचा आकडा उचलला गेला, तर कर ४० हजार रुपये निघेल. एवढी मोठी चूक लगेच लक्षात येते, हे खरे. मात्र सुताच्या किंवा किरकोळ दुरुस्तीच्या कामात आकडे लहान असतात, तेव्हा तीच चूक महिनोन् महिने पुढे जात राहते. म्हणून 'मालाचे_मूल्य_चलनापुरते' आणि 'मजुरी_करपात्र' अशी दोन निराळी नावे हवीत.

मराठीतील 'दर' हा शब्दही येथे अडचणीचा ठरतो. सोन्याचा दर दहा ग्रॅममागे सांगतात, विणकामाचा दर पिकांच्या हिशेबाने ठरतो आणि कराचा दर टक्क्यांत असतो. इंग्रजी 'रेट' या शब्दाचीही हीच गत. एकाच तक्त्यात 'रेट' नावाचे दोन रकाने आणि त्यांच्यापुढे अनुक्रमे एक व दोन हे आकडे, अशी रचना पाहिली की पुढे काय होणार याची कल्पना येते. वस्तूच्या बाबतीत 'भाव', श्रमाच्या बाबतीत 'मजुरी' आणि कराच्या बाबतीत 'कर_टक्के' असे शब्द वाटून दिले तर हा प्रश्न उरत नाही.

'कर_टक्के' या नावातही एक बारकावा आहे. राज्यांतर्गत विक्रीत ५ टक्के कर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा विभागला जातो. विट्याहून माल कर्नाटकात गेला तर पूर्ण ५ टक्के एकात्मिक कर म्हणून लागतो. रकान्यातील आकडा एकूण दर आहे की अर्धा, हे नावातच यावे. 'एकूण_कर_टक्के', 'केंद्रीय_कर_टक्के' आणि 'राज्य_कर_टक्के' अशी नावे लांब वाटतील, पण त्यांचा अर्थ विचारायला कोणाला फोन करावा लागत नाही.

'नेट' आणि 'ग्रॉस' या शब्दांची फसगत

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे आवडते शब्द म्हणजे 'नेट' आणि 'ग्रॉस'. छोटे, सुटसुटीत आणि परिचित. पण त्यांचा अर्थ देशागणिक आणि धंद्यागणिक बदलतो. आपल्याकडील बिलाच्या तळाशी 'नेट अमाउंट' म्हणून जी रक्कम छापतात, ती बहुधा सर्व कर धरून ग्राहकाने द्यावयाची अंतिम रक्कम असते. युरोपात बोलताना 'नेट' किंमत म्हणजे कर वगळून. युरोपीय संघाच्या २०१७ च्या ई-बीजक मानकात तर वस्तूची 'ग्रॉस' किंमत आणि 'नेट' किंमत या दोन्ही कर वगळूनच आहेत. फरक फक्त सवलतीपूर्वी आणि सवलतीनंतर एवढाच. सराफाच्या पेढीवर 'नेट' आणि 'ग्रॉस' हे वजनाचे शब्द आहेत : खडे वगळून वजन आणि खड्यांसकट वजन. एकाच दागिन्याच्या बिलात 'नेट' हा शब्द वजनाला, सवलतीनंतरच्या रकमेला आणि अंतिम देयकाला असा तीन ठिकाणी वापरलेला असेल तर त्याचा उपयोग काय?

'टोटल' या शब्दाचेही तसेच आहे. भारतात ई-बीजक पद्धती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीपर्यंत खाली आली. त्या बीजकाच्या ठरलेल्या आराखड्यात प्रत्येक ओळीसाठी 'टॉट' या संक्षेपाने सुरू होणारे दोन रकाने आहेत. त्यांपैकी एक नग गुणिले भाव एवढाच, म्हणजे सवलतीपूर्वीचा आणि करापूर्वीचा. दुसरा कर मिळवून आलेली ओळीची अंतिम रक्कम. दोन्ही 'एकूण'च, पण कशाचे एकूण ते माहितीपुस्तिका उघडल्याशिवाय कळत नाही. त्याच आराखड्यात करपात्र मूल्यासाठी आणि पूर्णांकनाच्या फरकासाठी वेगळे रकाने ठेवले आहेत, ही मात्र घेण्यासारखी गोष्ट.

नावांचा चांगला नमुना पाहायचा तर व्यापारी कागदपत्रांच्या 'यूबीएल' या आंतरराष्ट्रीय मानकाकडे बोट दाखवता येईल. त्याची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आली. त्यात बीजकाच्या बेरजांना 'टॅक्स एक्स्क्लुझिव्ह अमाउंट', 'टॅक्स इन्क्लुझिव्ह अमाउंट' आणि 'पेएबल अमाउंट' अशी नावे आहेत. कर वगळून, करासह आणि द्यावयाची रक्कम. करासह रक्कम आणि देय रक्कम या वेगळ्या का? कारण आगाऊ दिलेले पैसे वजा होऊ शकतात आणि पूर्णांकनाचा फरक मिळू शकतो. तीन नावांत तीन अर्थ, कोठेही संदिग्धता नाही.

'होय-नाही'ची खूण पुरेशी आहे का?

काही सॉफ्टवेअरमध्ये किमतीचा रकाना एकच ठेवून शेजारी 'कर समाविष्ट आहे का?' अशी होय-नाहीची खूण ठेवतात. संकेतस्थळांवरील वस्तूंची माहिती शोधयंत्रांना कळावी म्हणून मार्टिन हेप यांनी २००८ मध्ये 'गुडरिलेशन्स' हा शब्दसंग्रह तयार केला. त्यात किमतीसोबत मूल्यवर्धित कर धरला आहे की नाही हे सांगणारा असाच गुणधर्म होता. २०१२ मध्ये तो 'स्कीमा डॉट ऑर्ग' या सामायिक शब्दसंग्रहात सामील झाला. अमेरिकेत दुकानातील किंमत सामान्यतः विक्रीकर वगळून लिहिण्याची रीत आहे, युरोपात ग्राहकाला करासह किंमत दाखवणे बंधनकारक आहे आणि जपानमध्ये १ एप्रिल २०२१ पासून एकूण किंमत दाखवणे सक्तीचे झाले आहे. देशोदेशीच्या किमती एकत्र आणताना अशी खूण लागतेच.

परंतु दुकानाच्या आतील हिशेबात तिच्यावर विसंबू नये. खुणेमुळे एकाच रकान्यातील आकड्याचा अर्थ ओळीगणिक बदलतो. कोणी त्या रकान्याची बेरीज मारली तर करासह आणि करापूर्वीच्या रकमा एकत्र मिसळतात. शिवाय खूण लावायची राहिली तर? 'नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक तेथेच पुसला जातो. बाहेरून येणारी माहिती स्वीकारताना खूण वापरावी. आत घेताक्षणी ती 'भाव_करपूर्व' किंवा 'भाव_करासह' यांपैकी एका रकान्यात ठेवावी.

दोन्ही रकाने भरायचे तर मूळ कोणते आणि काढलेले कोणते हेही ठरवावे लागते. ग्राहकाला जी किंमत जाहीर केली ती मूळ मानावी, हा सोपा नियम. किरकोळ दुकानात ती करासह असते, घाऊक व्यवहारात बहुधा करापूर्वीची. मूळ किंमत बदलली की दुसरी पुन्हा काढावी. दोन्ही हाताने बदलण्याची सोय ठेवू नये.

नावात काय काय सांगावे?

रकमेच्या नावाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ही रक्कम एका नगाची, एका ओळीची की संपूर्ण बिलाची? सवलतीपूर्वीची की सवलतीनंतरची? करापूर्वीची की करासह? या तीन कसोट्यांवर उतरणाऱ्या नावांचा एक संच पुढे दिला आहे.

भाव_करपूर्व : एका नगाची किंवा एककाची किंमत, कर न धरता.
भाव_करासह : तीच किंमत, कर धरून.
एमआरपी_करासह : वेष्टनावरील कमाल किंमत, विक्रीच्या हिशेबात थेट वापरू नये.
ओळ_मूल्य_सवलतपूर्व : नग गुणिले करपूर्व भाव.
ओळ_सवलत_करपूर्व : करापूर्वीच्या रकमेतून वजा होणारी सवलत.
करपात्र_मूल्य : सवलतीनंतरची आणि करापूर्वीची रक्कम.
एकूण_कर_टक्के : सर्व विभाग मिळून कराचा दर.
कर_रक्कम : त्या ओळीवरील एकूण कर.
ओळ_एकूण_करासह : करपात्र मूल्य अधिक कर.
पूर्णांकन_फरक : पैसे जुळवण्यासाठी मिळवलेली वा वजा केलेली रक्कम.
देय_रक्कम : ग्राहकाने प्रत्यक्षात द्यावयाची रक्कम.

सवलतीच्या नावात 'करपूर्व' हा शब्द का हवा? टक्केवारीची सवलत आधी द्या की नंतर, उत्तर एकच येते. पण ठरावीक रुपयांची सवलत तशी नसते. १००० रुपयांच्या करपात्र मूल्यातून १०० रुपये सूट दिली तर ५ टक्के करासह बिल ९४५ चे होते. १०५० च्या करासह किमतीतून १०० रुपये सूट दिली तर बिल ९५० चे आणि करपात्र मूल्य ९०४ रुपये ७६ पैसे होते.

एक शब्द मात्र टाळावा : 'करमुक्त'. करापूर्वीची किंमत आणि करमुक्त वस्तूची किंमत या पूर्णतः वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचप्रमाणे कराचा दर शून्य असणे, वस्तू करातून वगळलेली असणे आणि विक्रेता संयुक्त कर योजनेखाली, म्हणजे कॉम्पोझिशनमध्ये असल्याने ग्राहकाकडून कर घेऊच शकत नसणे, या तीनही वेळा कराची रक्कम शून्यच दिसते. त्यामुळे 'कर_रक्कम = ०' एवढ्यावर न थांबता 'कर_स्थिती' असा स्वतंत्र रकाना ठेवावा.

नावे कोणत्या भाषेत असावीत, हा प्रश्न विचारला जाईल. पायथनची २००८ पासूनची तिसरी आवृत्ती, तसेच जावा या भाषा देवनागरी नावे स्वीकारतात. व्यवहारात मात्र रोमन लिपीच चालते. लिपी कोणतीही असो, पडद्यावरचा शब्द, छापील बिलावरचा शब्द आणि विवरणपत्रातला शब्द यांचा अर्थ एकच असला पाहिजे. विक्रीच्या विवरणपत्रात करपात्र मूल्य विचारतात; तेव्हा बिलावरही 'करपात्र मूल्य'च छापावे, 'बेसिक' किंवा 'सबटोटल' नव्हे.

कराचे नाव बदलते, काम बदलत नाही

महाराष्ट्रात १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याची जागा १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कराने घेतली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये रकान्याचे नावच 'व्हॅट_रक्कम' असे होते, त्यांच्यापुढे दोन मार्ग होते : सर्वत्र नाव बदलणे किंवा जुन्याच नावाखाली नवा कर भरणे. दुसरा मार्ग सोपा. पण पेट्रोल, डिझेलसारख्या वस्तूंवर मूल्यवर्धित कर अजूनही आहे. अशा ठिकाणी 'व्हॅट' लिहिलेल्या रकान्यात खरोखर व्हॅट आहे की वस्तू व सेवा कर, हे कोण सांगणार? रकान्याचे नाव त्याच्या कामावरून ठेवावे आणि कराचा प्रकार ही शेजारी नोंदवायची माहिती समजावी, हा यातून घेण्याचा धडा.

दर बदलतात तेव्हाही हेच लागू होते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत निघून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या; मानवनिर्मित धाग्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १५०० रुपये करपूर्व किमतीचा कपडा २० सप्टेंबरला विकला असेल तर त्यावर १२ टक्क्यांनी १८० रुपये कर लागलेला असतो. तो २५ सप्टेंबरला परत आला तर जमापत्र १८० रुपयांचेच निघावे लागते. नव्या दराचे ७५ रुपये धरून चालत नाही. 'चालू_कर_टक्के' आणि 'विक्रीवेळचे_कर_टक्के' ही दोन नावे वेगळी ठेवली असतील तर ही चूक होत नाही.

शेवटचा मुद्दा पैशांचा. ९९ रुपये करासह किमतीतून ५ टक्के कर वेगळा केला तर करपात्र मूल्य ९४ रुपये २९ पैसे येते. त्यावर केंद्राचा आणि राज्याचा अडीच-अडीच टक्के कर प्रत्येकी २ रुपये ३६ पैसे होतो आणि बेरीज ९९ रुपये १ पैसा भरते. हा एक पैसा करात किंवा मूल्यात दडपू नये. 'पूर्णांकन_फरक' या नावाखाली तो उघड दिसू द्यावा.

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी

बिलांचे सॉफ्टवेअर घेणाऱ्या दुकानदाराला आतील रचना पाहता येत नाही. पण चार चाचण्या त्याला सहज करता येतील. ५ टक्के करासह १०५ रुपयांची वस्तू नोंदवावी; करपात्र मूल्य १०० आणि कर ५ आला पाहिजे. त्याच वस्तूवर १० रुपयांची सूट देऊन ती कोणत्या रकमेतून वजा झाली हे पाहावे. कपड्यांचे दुकान असल्यास २६०० रुपये करासह किमतीचा नग घालून दर ५ टक्केच लागतो ना, याची खात्री करावी. आणि २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीचे एखादे बिल पुन्हा छापून त्यावरील कर बदललेला नाही ना, हे तपासावे. यांपैकी एकही चाचणी फसली तर विक्रेत्याला एवढेच विचारावे, की या रकान्यातील किंमत करापूर्वीची आहे की करासह. त्याचे उत्तर ताबडतोब आणि एका शब्दात मिळाले नाही, तर ते सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई करू नये.